शेजारच्या झोक्यावर

अमेरिकेत जुलै २००५मध्ये कार्टून नेटवर्कवर ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’ या ॲनिमेशन मालिकेचा ‘एपिलॉग’ नावाचा भाग लागला. जेमतेम बावीस मिनिटांचा. मालिका इथेच संपणार, असं धरून तो रचलेला होता. पुढे वाहिनीने आणखी तेरा भाग करायला सांगितले आणि मालिका मे २००६पर्यंत चालली, ही गोष्ट वेगळी. सुपरमॅन, वंडर वुमन, ग्रीन लँटर्न, फ्लॅश असा पन्नासहून अधिक महानायकांचा फौजफाटा हाताशी होता. तरी समारोपासाठी निवडलं काय, तर एका म्हाताऱ्या बाईच्या घरी रात्री येऊन धडकलेला एक संतापलेला तरुण, आणि त्या दोघांचं बोलणं.

तरुणाचं नाव टेरी मॅकगिनिस. १९९९ ते २००१ या काळात चाललेल्या ‘बॅटमॅन बियाँड’ मालिकेचा तो नायक. त्या मालिकेत ब्रूस वेन म्हातारा झालाय, एकटा पडलाय, बॅटमॅनचा पोषाख त्याने कायमचा काढून ठेवलाय. टेरी हा शाळकरी, थोडा वाया गेलेला पोरगा. त्याच्या वडिलांचा, वॉरन मॅकगिनिसचा, खून होतो आणि टेरी तो पोषाख पळवतो. दोघांची गाठ योगायोगाने पडलेली, नातं कष्टाने जुळलेलं. ‘एपिलॉग’मध्ये त्यालाही पंधरा वर्षं उलटली आहेत. ब्रूसच्या उपचारासाठी उती लागतात आणि टेरीच्या उती त्याच्याशी तंतोतंत जुळतात. इतक्या जुळाव्यात याचा त्याला संशय येतो. तो तपासणी करून घेतो आणि निकाल हातात घेऊन अमांडा वॉलरचं दार गाठतो.

वॉलर एकेकाळी सरकारच्या ‘कॅडमस’ या गुप्त प्रकल्पाची प्रमुख होती. महानायक उद्या उलटले तर त्यांना कोण आवरणार, या भीतीतून तो प्रकल्प उभा राहिलेला. भीती अगदीच खोटी नव्हती. २००३च्या ‘अ बेटर वर्ल्ड’ या कथेत प्रेक्षकांनी एक समांतर जग पाहिलं होतं. तिथल्या सुपरमॅनने राष्ट्राध्यक्ष झालेल्या लेक्स लूथरला ठार मारलं होतं आणि त्याच्या साथीदारांनी शांततेच्या नावाखाली सगळ्या जगावर पहारा बसवला होता. या कथेचं सावट पुढची दोन वर्षं मालिकेवर राहिलं. आता मात्र वॉलर थकली आहे आणि टेरी येणार हे तिला ठाऊक आहे.

ती सांगते ते असं. बॅटमॅनशी आधी तिचं वैर होतं, मग तिला त्याच्याविषयी आदर वाटू लागला. तो म्हातारा होत चालला, हालचाली मंदावल्या. बॅटमॅनशिवायचं जग तिला मान्य नव्हतं. म्हणून कॅडमसच्या जुन्या ओळखी वापरून तिने नवा बॅटमॅन घडवायचं ठरवलं. ब्रूसच्या आईवडिलांशी स्वभावाने मिळतंजुळतं असलेलं एक जोडपं शोधलं. फ्लूची लस म्हणून वॉरनला एक इंजेक्शन टोचलं गेलं आणि त्यातून त्याच्या शरीरातलं बीज बदलून ब्रूसचं झालं. मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत आईवडिलांना मारायचं, म्हणजे ब्रूस ज्या दुःखातून घडला तेच दुःख या मुलालाही मिळेल, असा बेत होता. त्या कामासाठी तिने अँड्रिया बोमाँटला नेमलं. १९९३च्या ‘मास्क ऑफ द फँटॅझम’ चित्रपटातली ही ब्रूसची जुनी प्रेयसी, आता मुखवटा चढवलेली मारेकरी. कुटुंब सिनेमा पाहून बाहेर पडलं, अँड्रिया समोर उभी राहिली, आणि तिचा हात उचलला नाही. ब्रूस असं कधीच करणार नाही, हे तिने वॉलरला सुनावलं. वॉलरला ते पटलं आणि योजना गुंडाळली गेली. पुढे वॉरनचा खून झाला तो वेगळ्याच कारणाने, वेगळ्याच माणसांकडून.

कुणी ‘काय झालं त्या भागात?’ विचारलं की उत्तर येतं, टेरी ब्रूसचा मुलगा निघाला. मालिकांचे भाग एकमेकांना सांगताना आपण नेहमी हेच करतो. कोण कुणाचा कोण निघाला, कोण मेलं, कोण परत आलं, एवढं सांगितलं की भाग सांगून झाला. ‘एपिलॉग’ असा सांगितला तर तो एक कारस्थान उघडं पडल्याची बातमी होतो. आणि बातमी म्हणून तो फारसा चांगला नाहीच. इंजेक्शनने माणसाचं बीज बदलणं हे विज्ञान तर नाहीच, पण त्याहून गंभीर तक्रार वेगळी आहे. ‘बॅटमॅन बियाँड’ची सगळी ताकद या गोष्टीत होती की टेरी ब्रूसचा कुणीच लागत नव्हता. पोषाख त्याला वारशाने मिळाला नव्हता, तो त्याने पेलून दाखवला होता. सहा वर्षांनी येऊन त्याच्या अंगात ब्रूसचंच रक्त आहे असं सांगणं म्हणजे त्याची कमाई काढून ती वारसाहक्कात जमा करणं झालं. ही तक्रार खरी आहे आणि या भागाच्या चाहत्यांनी ती उडवून लावू नये.

जन्माचं गुपित मोठेपणी कळलेल्या नायकाची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. युद्धाच्या तोंडावर कर्णाला त्याचं कुळ सांगितलं जातं, आधी कृष्णाकडून, मग कुंतीकडून. दोघांनाही त्याच्याकडून काहीतरी हवं असतं. कर्ण ऐकून घेतो आणि राधा व अधिरथ हेच आपले आईबाप, या शब्दावर ठाम राहतो. टेरीचा प्रश्न त्याच जातीचा आहे, पण त्याला गुपित सांगणारीला त्याच्याकडून काहीच नको आहे. ना त्याला कुठल्या पक्षात ओढायचंय, ना कुणाचे प्राण मागायचेत. म्हणून तिच्या बोलण्यात टेरीचं मन वळवण्याचा आटापिटा नाही. केलेलं ती लपवत नाही, आणि तू ब्रूसची नक्कल नाहीस, तुझं आयुष्य तुझ्या निवडीने चालेल, एवढं ठणकावते.

टेरीचा राग मात्र तेवढ्याने निवत नाही. त्याला ब्रूससारखं होण्याचीच धास्ती आहे. जिवाभावाच्या माणसांना दूर लोटून शेवटी अंधारात एकटा बसलेला म्हातारा. त्याला हृदयच नाही, असं टेरीला वाटत असतं. त्यावर वॉलरपाशी असलेलं उत्तर म्हणजे एसची गोष्ट, आणि हा भाग पाहायचा तो त्या गोष्टीसाठी.

एस ही ‘रॉयल फ्लश गँग’मधली मुलगी. प्रेक्षकांनी तिला २००३च्या ‘वाइल्ड कार्ड्‌स’ या दोन भागांच्या कथेत पाहिलं होतं. तिच्यात अशी मनःशक्ती होती की नुसत्या नजरेने ती समोरच्याला वेडं करून सोडायची. सरकारने तिला लहानपणीच ताब्यात घेतलं आणि शस्त्र म्हणून वाढवलं. बॅटमॅनचा वैरी जोकरने तिला तिथून बाहेर काढलं, पण तेही वापरण्यासाठीच. तिची शक्ती दाबणारी पट्टी जोकरने जवळच ठेवली आहे, हे बॅटमॅनने तिला दाखवून दिलं तेव्हा ती जोकरवर उलटली. ‘एपिलॉग’मध्ये तिची शक्ती इतकी वाढली आहे की आसपासचं वास्तवच तिच्या मनाप्रमाणे आकार बदलू लागलंय. आणि ती मरायला टेकली आहे. मेंदूतली रक्तवाहिनी कधीही फुटेल, आणि ती फुटताना जो मानसिक स्फोट होईल त्यात मैलोन्‌मैल परिसरातली माणसं मरतील. वॉलरपाशी एक यंत्र आहे. त्याने एसला आधीच मारता येईल. बॅटमॅन ते घेतो आणि एकटा आत जातो.

आत एक मुलगी झोक्यावर बसलेली आहे.

त्याला कशासाठी पाठवलंय हे तिला माहीत आहे, आणि ते यंत्र तो वापरणार नाही हेही ती ओळखते. बोलणं थोडंसंच होतं. आपलं बालपण हिरावून घेतलं गेलं, असं ती सांगते. तिची ही व्यथा या जगात पुरेपूर समजू शकेल असा एक माणूस नेमका तिच्या समोर आहे. तो तिला शौर्याच्या गोष्टी सांगत नाही, बरी होशील असं खोटं आश्वासन देत नाही. ती म्हणते, भीती वाटते, थांबाल का? तो शेजारच्या झोक्यावर बसतो. बदललेलं जग पूर्ववत होतं. मग तो तिला हातांवर घेऊन बाहेर येतो, आणि आपल्याला कळतं.

हा प्रसंग दुसऱ्याला सांगायला गेलं की दोन वाक्यांत संपतो. एक माणूस एका मुलीशेजारी बसला, मुलगी गेली. ज्याने पाहिलेला नाही त्याला यात विशेष काय, हेच कळणार नाही. केविन कॉनरॉय १९९२पासून बॅटमॅनला आवाज देत होता. तेरा वर्षं गुंडांना घाम फोडणारा तो आवाज इथे एका लेकराशी हळू बोलतो. त्याचा परिणाम कथासारात उतरत नाही. कॉनरॉय २०२२मध्ये गेला. त्याची आठवण काढताना त्याचे चाहते पुन्हा पुन्हा या झोक्यापाशी येतात, यात नवल नाही.

या प्रसंगाचं वजन नीट कळायला त्याच्या लगेच आधीचा भाग आठवावा लागतो. ‘डिव्हायडेड वुई फॉल’मध्ये सुपरमॅनचा वैरी लूथर आणि ब्रेनिॲक ही परग्रही यंत्रबुद्धी एक होऊन विश्वाचा घास घ्यायला निघालेले असतात. सुपरमॅनसह सगळे थकतात, तेव्हा फ्लॅश पृथ्वीला फेऱ्या घालत घालत त्या जोडशत्रूला ठोसे लगावतो आणि चिलखत सोलावं तसा ब्रेनिॲक लूथरवरून सोलून काढतो. त्या वेगात फ्लॅश स्वतःच नाहीसा होऊ लागतो. मित्र हात घालून त्याला मागे खेचतात. दृश्य जबरदस्त आहे, आणि अशा मालिकांची अडचणही त्यातच दिसते. संघात सुपरमॅन असला की शत्रू दर वेळी आधीच्यापेक्षा मोठा लागतो, इमारती जास्त कोसळाव्या लागतात, आणि चढत्या पट्टीत शेवटी विश्वाचा नाश पणाला लावावा लागतो. त्याच्या पुढे काय?

पुढे ‘एपिलॉग’. इथे शत्रू एक घाबरलेली मुलगी आहे आणि तिला हरवणं म्हणजे तिला मारणं. आकाशातून उडणारा, भिंती फोडणारा सगळा संघ इथे निरुपयोगी ठरतो, कारण मारण्याखेरीज ताकदीने करता येण्याजोगं तिथे काही नाही. ज्याच्याकडे कसलीच दैवी शक्ती नाही तोच आत जाऊ शकतो. महानायकांच्या संघाची गोष्ट, आधीची ‘जस्टिस लीग’ मालिका धरून, ९१ भाग सांगितल्यावर आज मागे वळून पाहिलं, तर या मालिकेने संघाविषयी केलेलं सगळ्यात मोठं विधान हेच दिसतं. इथे संघातला प्रत्येक जण काय फोडू शकतो यापेक्षा तो कुणाजवळ थांबू शकतो, याला जास्त किंमत आहे.

हे लिहिणारा ड्वेन मॅकडफी. मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या ब्रूस टिमसोबत त्याने कथा रचली आणि पटकथा स्वतः लिहिली. १९९३मध्ये ‘माइलस्टोन’ ही कॉमिक्स कंपनी उभी करणाऱ्या कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांपैकी तो एक. आपल्यासारखी दिसणारी माणसं महानायकांच्या जगात कडेला उभी असतात, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. त्याच्या लेखनात ताकदवानापेक्षा ताकदीच्या धक्क्याला लागलेल्या माणसाकडे लक्ष जातं. एस तशी आहे, आणि खरं तर वॉरन मॅकगिनिसही तसाच आहे.

वॉरनविषयी मात्र हा भाग पुरेसा बोलत नाही. न विचारता त्याला इंजेक्शन टोचलं गेलं. त्याच्या बायकोला अंधारात ठेवून तिच्या पोटी दुसऱ्याचं मूल वाढवलं गेलं. ब्रूसलाही कुणी विचारलं नाही. वॉलरने एसच्या बाबतीत जे पाहिलं, त्याच गुन्ह्याची ही दुसरी आवृत्ती आहे: मूल जन्माला घालायचं आणि त्याचा उपयोग आधीच ठरवून टाकायचा. अँड्रियाने हात आखडला म्हणून खून टळले, पण खुनाच्या अलीकडचं सगळं घडून गेलं होतं. सी. सी. एच. पाउंडरने वॉलरला दिलेला आवाज इतका समजूतदार आहे की प्रेक्षक तिला सहज माफ करून टाकतो. तसं करू नये. ती बाई जे सांगते ते खरं आहे, पण तिने केलं ते अन्यायाचंच.

तरीही मूळ तक्रारीला, टेरीची कमाई वारशात जमा झाली या तक्रारीला, एसच्या गोष्टीत निम्मं तरी उत्तर मिळतं. वॉलरच्या दृष्टीने ब्रूस मोठा ठरला तो बुद्धीने, धाकाने किंवा लढाईने नव्हे. तो त्या झोक्यावर बसला म्हणून. आणि ते रक्तातून येत नाही. तसं येत असतं तर आईवडिलांच्या खुनाची योजना करावी लागली नसती, एक सुई पुरली असती. टेरी वॉलरच्या घरातून निघतो तो आपल्या प्रेयसीला, डेनाला, मागणी घालायचं ठरवून. जी गोष्ट ब्रूसला कधी जमली नाही ती हा मुलगा पहिली करतो, आणि मग पोषाख चढवून कामाला लागतो. वारसाने वारसा असा निवडून, पारखून घ्यावा हे पटण्यासारखं आहे. राहिलेलं निम्मं उत्तर हा भाग देत नाही, आणि तो त्याचा दोष मानावा लागेल.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांनी तो इंटरनेटवरच्या तुकड्यांत पाहू नये. झोक्याचा प्रसंग तसा सुटा फिरत असतो आणि सुटा पाहिला की नुसता रडवतो. आधी ‘वाइल्ड कार्ड्‌स’चे दोन भाग पाहावेत, म्हणजे एस कोण हे कळेल. मग ‘डिव्हायडेड वुई फॉल’, आणि त्यानंतर ‘एपिलॉग’. सगळं मिळून दीड तास लागतो. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर त्यालाही सोबत बसवावं. एसही लहानपणीच जगाच्या हाती लागली होती.