दुसऱ्याच्या लाकडावर कोणती तार?

जर्मनीला जाताना एका मित्राने त्याची फ्रेटलेस अकूस्टिक बेस गिटार माझ्या कोथरूडच्या खोलीत ठेवली. ‘सांभाळ रे,’ एवढंच म्हणाला. यंदाच्या पावसाळ्यात तिच्या तारा गंजल्या. नव्या घ्यायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की सांभाळायचं म्हणजे नेमकं काय, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

साध्या गिटारवर तार धातूच्या पडद्यावर टेकते. फ्रेटलेसवर पडदेच नसतात, त्यामुळे तार थेट लाकडावर घासली जाते. राउंडवाउंड तारेवर गोल तारेचे वेढे असतात. तिचा आवाज मोकळा, झळझळीत; पण तेच वेढे कानशीसारखे लाकूड खातात. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते, नायलॉन टेपवाउंडवर नायलॉनची. दोन्ही लाकडाला जपतात, पण आवाज दबका होतो. त्यात सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ४१ हर्ट्‌झचा. एवढा खोल सूर अकूस्टिकच्या लहानशा पोटातून आधीच क्षीण येतो. झळाळी गेली, की चार जणांत ती ऐकूच येत नाही.

म्हणजे वाद्य वाचवायचं, तर त्याचा आवाज काढून घ्यायचा?

जॅको पास्टोरियसने फ्रेटलेसवर राउंडवाउंड तारा लावल्या आणि लाकूड टिकावं म्हणून त्यावर बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचा थर चढवला. पण वाद्य त्याचं स्वतःचं होतं. झीज त्याची, उपायही त्याचा. मी दुसऱ्याचं लाकूड झिजवणार, आणि बिल कधीतरी त्याच्या हातात पडणार. ऑफिसात आम्ही याला टेक्निकल डेट म्हणतो: आजची सोय माझी, उद्याची निस्तरणी दुसऱ्याची.

मग मिरजेचा तानपुरा आठवला. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं. तानपुऱ्याच्या तारा घोडीवर घासून घासून खाचा पाडतात, जवारी बिघडते. मग कारागीर घोडी पुन्हा घासून जवारी काढतो. घोडी झिजेल म्हणून कुणी गवई तानपुरा गवसणीतच ठेवत नाही. तिथे झीज गृहीत धरलेली असते, आणि ती भरून काढणारा हातही.

हे पटलं, तरी पळवाट म्हणून वापरता येत नाही. गिटारची पट्टी घासून सपाट करता येते, पण दर वेळी ती थोडी पातळ होते. शिवाय मी नवशिका. बोट गरजेपेक्षा जोरात दाबतो. उस्तादाच्या झिजेचा दाखला देऊन माझा आडदांडपणा खपवायचा, हा अप्रामाणिकपणा झाला.

शेवटी मित्राला फोन केला. ‘अरे, वाजव ना बिनधास्त!’ तो हसला. परवानगी मिळाली, पण प्रश्न मिटला नाही. उदार माणसाच्या वस्तूची काळजी जास्तच घ्यावी लागते, कारण तो हिशेब मागणार नसतो.

सध्या टेपवाउंड लावल्यात. हात हलका होईपर्यंत आवाजाचा तोटा मी सोसायचा, लाकडाने नाही. पुढे राउंडवाउंड लावीन. त्या दिवसापासून पट्टीच्या दुरुस्तीचे पैसेही दर महिन्याला बाजूला टाकायचे ठरवलंय. गिटार मात्र रोज वाजवतो. गवसणीत ठेवायला तिला माझी गरजच नव्हती. कपाट पुरलं असतं.