वालाने जमिनीचे देणे फिटते का?

पनवेल, पेण, अलिबाग या पट्ट्यात भात कापला की खाचराच्या अंगओलीवर वाल पेरतात. थंडीत पोपटीसाठी मडक्यात भाजल्या जातात त्या शेंगा याच शेतांतल्या. भाताने जमिनीतून ओढलेले नत्र वाल परत करतो, असा सर्वसाधारण समज आहे. जमिनीचे देणे असे आपोआप फिटते का, हा प्रश्न जितका शेतीचा तितकाच धर्मविचाराचाही आहे.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली. सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी यज्ञ होमकुंडातून उचलून थेट शेतात आणला. वापराने सृष्टीची जी झीज होते ती भरून काढणे म्हणजे यज्ञ, आणि जमिनीला खत देणे हेही त्यातलेच.

मग युरियाची गोणी फोकली की यज्ञ झाला?

गोणीत ४६ टक्के नत्र असते. पण साचल्या पाण्यात फेकलेल्या युरियातले बरेचसे नत्र अमोनिया होऊन उडते, काही पाण्याबरोबर वाहून जाते. काही चिखलात वायुरूप होते. त्यातला नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. झीज एका खाचराची भरायची आणि झळ दुसऱ्यांना लावायची, याला फेड म्हणता येत नाही.

वालाचा हिशेबही वरवर दिसतो तसा सरळ नाही. फुलोऱ्यातले रोप अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली आणि ती आत गुलाबी दिसली, तर रायझोबियम जिवाणू हवेतले नत्र बांधण्याच्या कामावर आहेत असे समजावे. जमिनीत नत्र जास्त झाले की या गाठी कमी धरतात. शिवाय बांधलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यात जातो. दाणे बाजारात गेले, वेल मुळासकट उपटून खळ्यावर नेले आणि भुसा गुरांपुढे पडला, तर खाचरात उरतो तो गळलेला पाला आणि तुटलेली मुळे. गुरांचे शेण परत शेतात आले तरच हे चक्र पुरे होते.

कोकणातल्या भातासाठी डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री पद्धत या कसोटीला बरीच उतरते. भाताचे अवशेष शेतातच जिरवायचे, गिरिपुष्पाचा पाला गाडायचा, लावणी ठरावीक अंतरावर करायची आणि चार चुडांच्या मधोमध युरियाची ब्रिकेट चिखलात खोल दाबायची. पहिली दोन सूत्रे घेतलेले परत करतात. चौथे सूत्र दिलेले वाया जाऊ देत नाही.

तेव्हा वाल पेरला म्हणून देणे फिटले असे नाही, आणि युरिया टाकला म्हणून पाप घडले असेही नाही. यंदाच्या लावणीला युरिया किती, हे ठरवण्याआधी शेतकऱ्याने मातीचा तपासणी अहवाल पाहावा आणि गेल्या हंगामातला वालाचा पाला, भुसा, शेण नेमके कुठे गेले ते आठवावे.