न दिसणे आणि नसणे

एखादी गोष्ट दिसत नाही एवढ्यावरून ती नाही असे ठरवता येते का? भाट्ट मीमांसक अनुपलब्धी, म्हणजे न दिसणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच बसवतात. वाद जुना आहे, पण एक अट दोघांनाही मान्य आहे: ती गोष्ट असती तर दिसलीच असती, अशी योग्यता हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर घडा नाही. पिशाचाबद्दल तसे म्हणता येत नाही, कारण ते मुळात दिसण्याजोगे मानलेलेच नाही.

यूएसबीवरचे सिरीयल उपकरण संथ का चालते हे कॅप्चरमधून शोधताना याच अटीवर सगळे अडते. लिनक्समधला यूएसबीमॉन तारेवरची हालचाल टिपत नाही. कर्नलने यूएसबी होस्ट कंट्रोलरकडे सोपवलेली विनंती आणि तिची पूर्तता, एवढेच नोंदवतो. यूएसबीत उपकरण आपणहून बोलत नाही. होस्ट, म्हणजे संगणक, विचारतो, देण्यासारखे काही नसेल तर उपकरण ‘नॅक’ कळवते, होस्ट पुन्हा विचारतो. हे नकार कंट्रोलरमध्येच जिरतात. या नोंदी दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये ते दिसले नाहीत म्हणून तार शांत होती असे मानणे म्हणजे पिशाचाला घड्याचा न्याय लावणे. नॅक पाहायचेच, तर तारेवर बसणारा हार्डवेअर विश्लेषक लागतो.

यूएसबी आणि सिरीयल यांना जोडणाऱ्या, एफटीडीआयच्या एफटी232आर चिपपाशी मात्र चित्र पालटते. तिच्या 64 बाइटांच्या पॅकेटात पहिले 2 बाइट स्थितीचे असतात. पॅकेट भरले नाही तर लेटन्सी टायमर संपल्यावर, म्हणजे एरवी 16 मिलिसेकंदांनी, असेल तेवढे पाठवले जाते. काहीच नसेल तर नुसते ते 2 बाइट. असे दोन बाइटी पॅकेट आले की त्या क्षणी चिपपाशी पाठवण्याजोगा डेटा नव्हता, हे खात्रीने म्हणता येते. चिपमागचे यंत्र गप्प होते की त्याची जोडणी सैल होती, हे त्यातून कळत नाही.

115200 बॉडला 62 बाइट सुमारे 5.4 मिलिसेकंदांत भरतात, म्हणून अखंड प्रवाहाला टायमर जाणवत नाही. आठ बाइटांचे उत्तर मात्र टायमरची वाट पाहते आणि सेकंदाला साठेकच प्रश्नोत्तरे होतात. दोष टायमरचाच आहे का, हे अन्वय-व्यतिरेकाने तपासावे: टायमर 1 मिलिसेकंदावर आणल्यावर प्रश्न आणि उत्तर यांमधले अंतर आटले तर कारण सापडले. आटले नाही, तर विलंब उपकरणाच्या फर्मवेअरमध्ये किंवा वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शोधावा. उत्तर पोचल्यानंतर पुढचा प्रश्न लिहिण्याची विनंती उशिरा नोंदली गेली असेल, तर रोख प्रोग्रॅमकडे जातो.