उन्हाचं रडगाणं पुरे

"सर, आमच्या गॅलरीत ऊनच येत नाही. फुलपाखरं कुठून येणार?" तिसरं वर्ष चालू आहे या रडगाण्याचं. ऊन येत नाही म्हणजे किती येत नाही? मोजलंस कधी? परवा नऊ वाजता चहाला आलो तेव्हा कठड्यावर लख्ख ऊन पडलं होतं. तू मोबाइलवर फुलपाखरांचे फोटो बघत होतास. अंगण वाकडं म्हणणारा निदान अंगणात उतरलेला तरी असतो.

तीन वर्षांत लावलंस काय? गुलाब, झेंडू, सदाफुली. सगळी उन्हाची भुकेली. मेली, की दोष बिल्डरला! नर्सरीत "सावलीत काय जगेल?" असं विचारलंस? नाही. "छान काय दिसेल?" विचारलंस. त्याने छान दिसणारं दिलं.

आणि जे आलं त्याचं काय केलंस? आईच्या हातची पानफुटी त्याच सावलीत फोफावली होती. पानांवर चट्टे दिसले. आत रेड पिअरोची अळी होती, पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून गर खाणारी. तू रोग म्हणून पानं खुडलीस. कढीपत्त्यावर चिमणीच्या शिटेसारखं काही दिसलं, तर फवारा मारलास. ती कॉमन मॉर्मनची अळी होती, गाढवा. अंडी, अळी, कोष, फुलपाखरू ही आकृती फळ्यावर रंगीत खडूने तूच काढली होतीस. दहापैकी दहा दिले होते मी. आता दही हवंय, विरजण नको?

२०१५ साली नीलवंत राज्य फुलपाखरू झालं, तेव्हा सगळ्यांच्या आधी अभिमानाचा मेसेज तुझा. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. आणि सोसायटीतलं लिंबाचं झाड 'अळ्या पडतात' म्हणून तोडायचा जो अर्ज आहे, त्यावर सही कुणाची?

ऊन त्यांना लागतं, मी नाही म्हणत नाही. अंग तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही. पण तेवढं ऊन तुझ्या कठड्यावर आहे. तिथे पेंटास ठेव, अबोली ठेव, एक्झोरा ठेव. भर उन्हातल्याइतकी फुलणार नाहीत, पण फुलतील. दिवाणखान्यात रोज पुसून ठेवतोस तो अरेका पाम बाहेरच्या सावलीत काढ. पामफ्लायची अळी त्याची पानं खाते, आणि ते फुलपाखरू सावलीतच वावरतं. पानं कुरतडलेली दिसतील. दिसू देत! ईव्हनिंग ब्राऊन तर फुलांकडे फारसं फिरकतही नाही. काळं पडलेलं केळं बशीत ठेव, तिन्हीसांजेला वाट बघ. केळं सडवायलाही ऊन लागतं का तुला?

उद्या रविवार आहे. सकाळी सात ते अकरा, दर अर्ध्या तासाने गॅलरीत जा आणि ऊन कुठवर सरकतं ते फरशीवर खडूने आख. संध्याकाळी बघायला येतो. फवाऱ्याची बाटली तेव्हा घरात दिसता कामा नये.