आई कुठे आहे?

जुन्या करारातील तोबीतच्या पुस्तकात एका कुत्र्याचा ओझरता उल्लेख आहे. तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, सोबतीला माणसाच्या रूपात राफाएल देवदूत असतो आणि त्या दोघांबरोबर घरचे कुत्रेही चालू लागते. परतीच्या वाटेवरही ते त्यांच्या मागोमाग येते. त्याची जात सांगितलेली नाही, त्याने काही पराक्रम केल्याचेही लिहिलेले नाही. सोबत करणे एवढेच त्याचे काम. माणूस आणि प्राणी यांच्या नात्याचे मर्म त्या उल्लेखात आले आहे, असे आम्हांला वाटते.

परंतु जातिवंत कुत्रे हवे असेल तर ते आपण होऊन मागोमाग येत नाही, विकत आणावे लागते. खरेदी आली की किंमत आली आणि तिच्यापाठोपाठ एक नैतिक प्रश्नही आला. माणसाच्या हौसेखातर जे जीव जन्माला घातले जातात, त्यांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचे उत्तरदायित्व कोणाचे? केवळ पैदास करणाऱ्याचे, की विकत घेणाऱ्याचेही?

एका जातीचे उदाहरण घेऊ. इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थम्बरलंड परगण्यात बेडलिंग्टन नावाचे एकेकाळचे खाणकामगारांचे गाव आहे. तेथील टेरियर कुत्रा १९व्या शतकात नावारूपाला आला. टेरियर या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील 'भूमी' हा शब्द आहे, कारण बिळात शिरून शिकार करणे हा या कुत्र्यांचा पिढीजात धंदा. बेडलिंग्टन टेरियर मात्र दिसायला कोकरासारखा, लोकरीसारख्या मऊ केसांचा. त्या रूपावर लोक भाळले. प्रदर्शने भरू लागली, वंशावळी नोंदल्या जाऊ लागल्या आणि मोजक्या घराण्यांतच संबंध होत राहिले. १९७०च्या दशकात पशुवैद्यांच्या ध्यानात आले, की या जातीतील अनेक कुत्र्यांच्या यकृतात तांबे साठत जाते. अन्नातून येणारे जादा तांबे शरीराबाहेर टाकण्याची शक्ती त्यांच्यात जन्मतःच नसते. पिल्लू वरून धडधाकट दिसते. विकार उघड होतो तो कित्येकदा काही वर्षांनी, ते घरातले एक झाल्यावर.

या विकाराचे एक लक्षण नीतीच्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. सदोष जनुक आईकडून आणि वडिलांकडून असे दोन्हींकडून आले, तरच पिल्लू आजारी पडते. एकाच बाजूने आले तर ते केवळ वाहक राहते आणि निरोगी आयुष्य जगते. दोन वाहकांचा संबंध झाल्यास सरासरीने चारांतले एक पिल्लू आजारी निपजते. पूर्वी हा दोष ओळखण्यासाठी यकृताचा तुकडा काढून तपासावा लागे. २००२ साली संबंधित जनुकातील दोष सापडला आणि साध्या चाचणीने वाहक ओळखता येऊ लागले. ही चाचणी सर्वस्वी निर्णायक नाही. तो दोष नसलेल्या काही कुत्र्यांतही विकार आढळला आहे. तरीही तिने पैदास करणाऱ्याची एक सबब कायमची हिरावून घेतली. 'मला ठाऊक नव्हते' असे आता त्याला म्हणता येत नाही.

मग जबाबदार पैदासकार कोणता? ज्याच्या कुत्र्यांत एकही दोष नाही तो, असे उत्तर चटकन सुचते. आम्हांला ते पटत नाही. असा दावा करणाऱ्याविषयीच शंका घ्यावी. वाहक कुत्रीचा संबंध निर्दोष कुत्र्याशी केला, तर त्या दोषापायी एकही पिल्लू आजारी पडत नाही. तिला टाकून देण्याचे कारण नाही. ती वाहक आहे हे सांगण्याची मात्र नितांत गरज आहे. सारेच वाहक वगळले, तर आधीच आटलेला वंश आणखी आटतो आणि दुसरे विकार डोके वर काढतात. म्हणून जो चाचणीचे कागद आपण होऊन पुढे ठेवतो, उणे असेल ते सांगतो आणि पुढे कधी सांभाळणे अशक्य झाले तर कुत्रे परत घेण्याची हमी देतो, तो जबाबदार. असा माणूस गिऱ्हाइकालाही प्रश्न विचारतो. घरी दिवसभर कोण असते? टेरियर जमीन उकरणार, भुंकणार, उंदरामागे धावणार. ते तुम्हांला चालेल काय? ज्याला फक्त पैशाशी कर्तव्य आहे, तो एवढे विचारीत बसत नाही.

गिऱ्हाइकाने विचारावयाचा पहिला प्रश्न एकच: या पिल्लाची आई कुठे आहे? लूसी नावाची एक कुत्री २०१३ साली वेल्समधील अशाच एका पैदासकेंद्रातून सोडविण्यात आली. ती टेरियर नव्हती, स्पॅनियल होती. वेतामागून वेत काढून तिचे शरीर खिळखिळे झाले होते. तिची पिल्ले ज्यांनी कौतुकाने घरी नेली, त्यांतील कितीजणांनी तिला पाहिले असेल? तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये लागू झाला. त्यानुसार सहा महिन्यांखालील पिल्ले दलालांनी विकण्यास बंदी आहे आणि पिल्लू आईसोबत दाखवावे लागते. आपल्या देशातही २०१७च्या नियमांनी पैदासकारांना नोंदणी सक्तीची केली, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई केली आणि आईच्या वयाची मर्यादा घातली. तथापि प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक नसेल, तर नियम कागदावरच राहतो.

येथे एक पेच उभा राहतो. दुकानातल्या पिंजऱ्यात एक मलूल पिल्लू दिसते. आईचा पत्ता नाही, कागद नाहीत. मन कळवळते. निदान या एका जीवाला तरी वाचवू, असे वाटते. हा कळवळा खोटा नाही. पण आपण दिलेल्या पैशांतून रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यात दुसरे पिल्लू येते आणि न दिसणाऱ्या त्या आईवर आणखी एक वेत लादले जाते. डोळ्यांसमोरच्या दुःखाची दया येणे सोपे. डोळ्यांआडच्या दुःखाची जाण ठेवणे कठीण. आमच्या मते अशा वेळी पैसे न देता प्राणिकल्याण संस्थेला कळवावे. ते पिल्लू मागे ठेवून निघताना जीव तुटेल. तो तुटणे अपरिहार्य आहे. त्याला चुकीचे उत्तर देऊन आपण शांत होऊ नये.

कोणी म्हणेल, माणसे उपाशी असताना कुत्र्याच्या कुळाची एवढी चिकित्सा कशाला? आक्षेप रास्त आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ प्राण्यांना विनाकारण यातना देणे निषिद्ध मानतो. त्याचबरोबर गरजू माणसांच्या हक्काचा पैसा प्राण्यांवर उधळू नये, असेही बजावतो. म्हणूनच जातिवंत पिल्लू घेण्यापूर्वी ते खरेच हवे आहे काय, गल्लीतले एखादे बेवारस पिल्लू आपल्या मागोमाग चालू लागणार नाही काय, याचा विचार प्रथम व्हावा. आणि घ्यावयाचे ठरलेच, तर घाई करू नये. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने प्राणी आदामासमोर आणले, ते त्याने त्यांना नावे द्यावीत म्हणून. ज्याला आपण नाव देतो, त्याची आई कोणत्या अवस्थेत आहे हे पाहण्याचे कष्ट घेणे, हा त्या अधिकाराबरोबर आलेला कर्तव्याचा भाग आहे.