विचारण्यात कमीपणा नाही




दहावीच्या वर्गात गणिताचे उदाहरण समजले नाही, तरी मान डोलावून गप्प बसणारी मुले आपल्याच घरांत आहेत. जुन्या नाशकात, वडाळ्यात, मालेगावच्या यंत्रमाग वस्त्यांत अनेकदा दहावीपर्यंत पोहोचलेले ते घरातील पहिलेच मूल असते. वर्ग हसेल, या भीतीने ते विचारत नाही. मग न समजलेला एक धडा पुढील सर्व धड्यांची वाट अडवतो.

सुनन अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आहे. प्रवासात एका सहाबींच्या डोक्याला जखम झाली आणि त्यांना स्नान आवश्यक झाले. तयम्मुमची सवलत आहे का, असे त्यांनी सोबत्यांना विचारले. सोबत्यांनी ज्ञान नसताना नकार दिला. त्यांनी स्नान केले आणि त्यात त्यांचा अंत झाला. हे कळताच प्रेषित मुहम्मद (स.) अत्यंत नाराज झाले. ठाऊक नव्हते, तर जाणकारांना का विचारले नाही, अज्ञानाचा इलाज विचारणे हाच आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. म्हणून विद्यार्थ्याने जाणकार शिक्षकांनाच विचारावे; आणि पालकांनी माहिती न घेता ‘हे तुला जमणार नाही’ असा निकाल देऊ नये. मुलींनीही संकोच करू नये. धर्मज्ञान मिळवताना लाज आड येऊ न देणाऱ्या अन्सारी स्त्रियांची माननीय आयेशा (र.) यांनी प्रशंसा केली आहे.

दुसरी गोष्ट सातत्याची. कुरआनचे 30 पारे कोणी शेवटच्या महिन्यात पाठ करत नाही. हिफ्जचा विद्यार्थी रोज नवा सबक घेतो, अलीकडचे धडे पुन्हा ऐकवतो आणि जुन्या भागाची उजळणी करतो. विज्ञान आणि भूमितीलाही हीच रीत लावावी. थोडे, पण नित्य केलेले कर्म अल्लाहला प्रिय आहे. फज्रनंतरचा अर्धा तास यासाठी राखावा, पहाटेच्या वेळेत उम्मतला बरकत लाभावी, अशी दुआ प्रेषितांनी (स.) केली आहे.

एखाद्या विषयात अपयश आले, तरी मंडळाची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. तेवढ्यावरून मुलाला कामाला जुंपू नका, शाळेत जाऊन शिक्षकांना भेटा.

दर शुक्रवारी आपण सूरह कहफ पठण करतो. ह. मूसा (अ.) प्रेषित असूनही शिकण्यासाठी दूरचा प्रवास करून गेले, हे त्यात आपण वाचतो. मग आपल्या मुलाला वर्गात हात वर करण्यात कसला कमीपणा?

अल्लाह आपल्या मुलांच्या ज्ञानात वाढ करो. आमीन.