बरोबर कोण होते?

‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेतील काही भाग चाहते डोक्यावर घेतात, तर काहींचे नाव काढले तरी हसतात. १० जानेवारी १९६९ रोजी एनबीसी वाहिनीवर दाखवला गेलेला ‘लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफील्ड’ हा भाग यांपैकी कुठेच नीट बसत नाही. त्याच्यावर एक ठरलेला शेरा मारला जातो: हेतू उदात्त, मांडणी ढोबळ. शेरा सोयीचा आहे, पण चुकीचा. या भागातले सगळ्यात ढोबळ तेच सगळ्यात चांगले उतरले आहे. गडबड आहे ती हेतूतच.

गोष्ट साधी आहे. चोरलेल्या शटलमधून पळणारा लोकाई एंटरप्राइझ यानाच्या हाती लागतो आणि त्याच्या मागावर असलेला बील यानात येऊन दाखल होतो. दोघेही शेरॉन ग्रहाचे. दोघांचेही चेहरे नाकाच्या रेषेत दुभंगलेले, एक बाजू काळी, एक पांढरी. बीलच्या लेखी लोकाई देशद्रोही आणि खुनी. लोकाई सांगतो की बीलच्या लोकांनी आपल्या लोकांना गुलाम केले. हा पाठलाग ५० हजार वर्षे चालू आहे.

ही रंगभूषा बटबटीत आहे, यात वाद नाही. पण तिचा उपयोग कसा केला आहे तो पाहावा. हे दोघे एकाच वंशाचे आहेत, असे कॅप्टन किर्क आणि स्पॉक सहज बोलून जातात. बील आधी चकित होतो, मग चिडतो. माझी उजवी बाजू काळी, त्याची पांढरी, एवढेही दिसत नाही का? दिसलेले नसतेच. किर्कला नाही, स्पॉकला नाही आणि बराच वेळ तेच चेहरे न्याहाळणाऱ्या प्रेक्षकालाही नाही. वर्णभेद किती पोकळ पायावर उभा असतो, हे भाषणाने पटवता आले नसते. इथे प्रेक्षकाच्या डोळ्यांनाच साक्षीला उभे केले आहे. बीलची भूमिका करणारा फ्रँक गोर्शिन हे वाक्य ज्या सहज तुच्छतेने म्हणतो, त्याला तोड नाही. ‘बॅटमॅन’मध्ये खिदळणारा रिडलर हाच, यावर विश्वास बसत नाही.

बाकी पसारा बराच आहे. यान स्वतःहून उडवून देण्याची धमकी, त्यासाठी किर्क, स्पॉक आणि स्कॉट यांनी एकामागून एक उच्चारलेले संकेतांक, आणि डोळ्या-ओठांना भिडलेला कॅमेरा. प्रसंग लांबवला आहे, तरी खिळवून ठेवतो. बीलचे यान तर चक्क अदृश्य, म्हणजे प्रतिकृतीचा खर्च वाचला! शेवटी दोघे यानाच्या बोळांतून धावत सुटतात आणि त्यांच्यावर जळत्या शहरांची दृश्ये चढवली जातात. तिसऱ्या पर्वात पैसे कापले गेले होते आणि मालिका शुक्रवारी रात्री १० वाजता ढकलली गेली होती. ही ओढाताण त्या बोळांत दिसते. त्याबद्दल सूट द्यायला हरकत नाही.

पण न्याय-अन्यायाचा हिशेब मांडायला पैसे लागत नाहीत. विश्रांतिकक्षात लोकाई खलाशांना विचारतो, आपल्यासारख्यांची केवळ ते आपल्यासारखे आहेत म्हणून कत्तल होताना पाहणे काय असते, हे तुम्हाला कसे समजावू? त्यांतल्या चेकॉव्हला शाळेच्या इतिहासात असे काहीतरी वाचल्याचे आठवते. सुलू म्हणतो, ती विसाव्या शतकातली गोष्ट. भागातली ही सगळ्यात धारदार जागा, कारण ऐकणाऱ्यांचा भला स्वभावच इथे ऐकण्याच्या आड येतो. लेखकांनी मात्र तो धागा तिथेच सोडला. पुढे किर्क गुलाम करणारा आणि गुलाम झालेला अशा दोघांना एकाच सुरात झापतो, दोघांचाही द्वेष सारखाच ठरतो.

काळाची अडचण होती म्हणावे, तर तीही सबब टिकत नाही. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि शंभराहून अधिक शहरांत दंगली उसळल्या. दोन्ही बाजूंनी शांत व्हावे, ही हाक तेव्हा स्वाभाविक वाटली असेल. पण त्याआधीच, त्याच वर्षाच्या सुरुवातीला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने कृष्णवर्णीय वस्त्यांच्या दुरवस्थेचे खापर गोऱ्या समाजावर आणि त्याच्या संस्थांवर स्पष्ट शब्दांत फोडले होते. सरकारी अहवाल जे बोलू धजला, ते भविष्यात रमणाऱ्या मालिकेला जमले नाही.

शेरॉन ग्रहावर कोणीच जिवंत उरलेले नाही, हे शेवटी कळते. तरीही ते दोघे मारामारी करायला खाली उतरतात. बरोबर कोण होते याला आता काही अर्थ आहे का, हा प्रश्न तेव्हा सुलूच्या तोंडी दिला आहे. स्पॉक म्हणतो, त्या दोघांना द्वेषाखेरीज कशाचीच पर्वा नाही. त्यांच्याजवळ आता तेवढेच उरले आहे, अशी पुस्ती किर्क जोडतो. रीतसर सुनावणीशिवाय लोकाईला कोणाच्या हवाली करता येणार नाही, असे संघराज्याचे नियम सुरुवातीला बीलला ऐकवले गेले होते. ती सुनावणी या भागात कुठेच होत नाही.